गाण्यांच्या सीडीला आयएसओ चालत नाही

कपाटातल्या जुन्या सीडी जपून ठेवायच्या म्हणून मी पहिल्यांदा जे केलं, ते बहुतेक जण करतात. सीडी संगणकात घातली आणि दिसल्या त्या फायली उचलून पेन ड्राइव्हवर टाकल्या. कॉपी डोळ्याचं पातं लवायच्या आत झाली, तेव्हाच शंका यायला हवी होती. विंडोज दाखवतं त्या प्रत्येक सीडीए फायलीत फक्त ४४ बाइट असतात. गाणं कुठं सुरू होतं आणि किती लांबीचं आहे, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. पत्त्याची चिठ्ठी घरी आली, घर तिथंच राहिलं!

मुळात गाण्यांच्या सीडीवर फायली नसतातच. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली ठरवलेल्या नियमांत फक्त ध्वनी आहे. सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला, डाव्या-उजव्या बाजूचा, प्रत्येक मोजणी १६ बिटांची. हा सगळा ऐवज सेकंदाला ७५ सेक्टर, म्हणजे ठरावीक मापाचे तुकडे, या हिशेबानं एकाच लांबलचक वळशावर लिहिलेला असतो. एका सेक्टरात २,३५२ बाइट.

संगणकाची माहिती ठेवणारी सीडी नंतर आली. प्रोग्राममधला एक बिट चुकला तरी सगळं मुसळ केरात, म्हणून तिथं सेक्टरातले २,०४८ बाइटच माहितीसाठी वापरले आणि उरलेले पत्ता व चूक-दुरुस्तीसाठी राखले. आयएसओ, म्हणजे अख्ख्या माहितीच्या सीडीची एकाच फायलीत उतरवलेली प्रत, हे २,०४८ बाइटच साठवते. गाण्याचा सेक्टर २,३५२ बाइटांनी काठोकाठ भरलेला, तो तिच्यात मावणार कसा? ७४ मिनिटांच्या सीडीवर ध्वनी मावतो सुमारे ७८.३ कोटी बाइट, माहिती मात्र ६८.२ कोटी. फरक याच राखीव जागेचा.

मग बिन आणि क्यू ही फायलींची जोडी कामाला येते. बिनमध्ये सेक्टर जसेच्या तसे उतरतात. क्यू ही साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्येही उघडते. तिच्यात प्रत्येक ट्रॅकची सुरुवात मिनिट, सेकंद आणि सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग अशी लिहिलेली असते. ट्रॅकच्या आधीची शांतताही नोंदलेली असते, आणि शांतता नसेल तर तेही कळतं. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. विलंबित ख्याल आणि द्रुत बंदिश यांचे ट्रॅक वेगळे असले तरी मैफल अखंड चाललेली असते. त्यांचे सुटे एमपीथ्री केले की नेमकी जोडावर उचकी लागते.

क्लोनसीडी या सॉफ्टवेअरची आयएमजी, सीसीडी आणि सब अशी फायलींची तिकडी सेक्टरामागे आणखी ९६ बाइट जपते. ध्वनीसोबत चालणाऱ्या या उपवाहिनीत शब्द दाखवणाऱ्या कॅराओके सीडींची चित्रं असतात. तुमच्याकडे तशा सीडी नसतील तर हा खटाटोप नको. नीरो या सॉफ्टवेअरची एनआरजी किंवा अल्कोहोल या सॉफ्टवेअरची एमडीएफ फाइल मी टाळतो. एका कंपनीच्या सॉफ्टवेअरला बांधलेली कुलपं वीस वर्षांनी कोण उघडणार?

फायलीच्या साच्याइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्व वाचनाला आहे. माहितीच्या सेक्टरात असतो तसा पत्ता गाण्याच्या सेक्टरात नसतो. त्यामुळे बरेच ड्राइव्ह काही नमुने, म्हणजे ध्वनीच्या त्या एकेक मोजण्या, मागेपुढे वाचतात. ओरखडा मोठा असेल तर हरवलेला ध्वनी शेजारच्या नमुन्यांवरून अंदाजानं भरून मोकळे होतात, आणि तुम्हाला कळतही नाही. म्हणून विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, लिनक्सवर सीडीपॅरानोया ही सॉफ्टवेअरं वापरायची. ही मंडळी संशयास्पद जागा पुन्हा पुन्हा वाचून ताडून पाहतात. अ‍ॅक्युरेटरिप तर तुमच्या प्रतीतल्या आकड्यांवरून काढलेली तपासणी-बेरीज त्याच सीडीच्या इतरांनी काढलेल्या बेरजांशी जुळवून बघतं.

मी स्वतः शेवटी फ्लॅक या ध्वनी आवळून ठेवणाऱ्या साच्यावर स्थिरावलो. पूर्ण सीडीची एकच फ्लॅक फाइल, सोबत क्यू. बिनला मिनिटाला साधारण एक कोटी बाइट लागतात. फ्लॅक बहुधा त्याच्या निम्म्याच्या आसपास बसते आणि एकही बिट गमावत नाही. शिवाय आतल्या ध्वनीची तपासणी-बेरीज तिच्यातच असते, त्यामुळे हार्ड डिस्कवर फाइल किडली तर पडताळताना लगेच उघडकीला येतं. बिन किडली तर गप्प बसते.

फ्लॅकचं नाव बदललंत, तर क्यूमधली त्या फायलीच्या नावाची ओळही बदला. ते विसरल्यामुळे एक अख्खी संध्याकाळ मी चांगल्या फाइलला खराब समजत बसलो होतो.