चीनमधील कैदेतले बिशप आणि ‘स्वतंत्र’ या शब्दाचा पेच

चीनमध्ये कॅथलिक बिशपांना तुरुंगात धाडताना श्रद्धा हा गुन्हा म्हणून क्वचितच नोंदवला गेला आहे. ८ सप्टेंबर १९५५ च्या रात्री शांघायच्या बिशपांना शेकडो धर्मगुरू आणि श्रद्धाळूंसह पकडण्यात आले व १९६० मध्ये प्रतिक्रांतिकारी कारवायांच्या आरोपाखाली त्यांना जन्मठेप झाली. प्रत्यक्षात, रोमशी, म्हणजे पोपशी असलेले नाते तोडून सरकारपुरस्कृत चळवळीत सामील होण्यास त्यांनी नकार दिला होता. १९७९ मध्ये पोपनी त्यांना गुप्तपणे कार्डिनल (चर्चमधले पोपखालोखालचे पद) केले, तेव्हाही ते कोठडीतच होते. सुटका झाली ती १९८५ मध्ये.

त्यापूर्वीच्या इतिहासातील एकच गोष्ट येथे आवश्यक आहे. १८६० च्या आसपासच्या तहांनी मिशनऱ्यांना फ्रान्सचे संरक्षण मिळवून दिले होते, त्यामुळे ‘परकीय हस्तक्षेप’ हा नव्या साम्यवादी राजवटीचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. मात्र त्यावर शोधलेला उपाय मूळ आक्षेपाच्या कितीतरी पुढे गेला. १९५७ मध्ये सरकारच्या देखरेखीखालील कॅथलिक संघटना स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी पोपच्या संमतीवाचून बिशपांचे दीक्षाविधी सुरू झाले. १९८२ च्या राज्यघटनेतील छत्तिसाव्या कलमाने धार्मिक संस्था परकीय वर्चस्वाखाली असू नयेत, असे म्हटले.

येथून पुढचा सगळा वाद ‘स्वतंत्र’ या एका शब्दाभोवती फिरतो. सरकारकडे नोंदणी करून घेणाऱ्या धर्मगुरूकडून ‘स्वतंत्र, स्वायत्त आणि स्वयंशासित’ चर्चच्या तत्त्वाला मान्यता घेतली जाते. पण हे स्वातंत्र्य नेमके कोणापासूनचे? परकीय सरकारांपासूनचे असेल, तर कोणत्याही कॅथलिकाला ते मान्य करता येईल. पोपपासूनचे असेल, तर सही करणारा कॅथलिक राहतच नाही. २००७ मध्ये चिनी कॅथलिकांना लिहिलेल्या पत्रात तत्कालीन पोपनी हे तत्त्व कॅथलिक शिकवणुकीशी विसंगत ठरवले आणि सरकारी मान्यतेच्या प्रक्रियेत जवळजवळ नेहमीच सदसद्विवेकाविरुद्ध कृती करावी लागते, असेही नमूद केले. ज्यांनी सही नाकारून कैद पत्करली होती, त्यांच्या भूमिकेला यातून उघड दुजोरा मिळाला.

बारा वर्षांनी रोमनेच त्या शब्दाचा अर्थ वेगळा लावला. सप्टेंबर २०१८ मध्ये व्हॅटिकन आणि चीन यांच्यात बिशपांच्या नेमणुकीविषयी तात्पुरता करार झाला, ज्याचा मजकूर प्रसिद्ध झालेला नाही. त्यापाठोपाठ २८ जून २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत व्हॅटिकनने म्हटले की आता हे स्वातंत्र्य पोपपासून विभक्त होणे या अर्थाने नव्हे, तर राजकीय क्षेत्रापुरते समजावे. सही करताना धर्मगुरूने कॅथलिक तत्त्वांशी एकनिष्ठ राहण्याची अट लेखी नोंदवावी. ते शक्य नसेल तर तोंडी, जमल्यास साक्षीदारासमोर. सही न करणाऱ्यांवर दबाव आणू नये, असेही त्यात होते. तडजोड म्हणून ही कल्पकता मान्य केली, तरी एकाच पक्षाने लावलेला अर्थ दुसऱ्यावर बंधनकारक होत नाही, ही तिची उणीव ठळक आहे. आणि केवळ या शब्दापायी वीस-तीस वर्षे तुरुंगात काढलेल्यांना ती कशी वाटली असेल, याचा विचार त्या सूचनांत फारसा दिसत नाही.

चीन सरकारने आपला अर्थ बदलल्याचे चिन्ह नाही. १ मे २०२१ पासून लागू झालेल्या धर्मगुरूविषयक नियमावलीत हे तत्त्व कायम असून त्याच्या जोडीला साम्यवादी पक्षाच्या नेतृत्वाला पाठिंबा देण्याचे बंधनही आहे. कराराची मुदत २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये वाढवण्यात आली, शेवटच्या वेळी चार वर्षांसाठी. या काळात वेन्झोऊच्या बिशपांना, ज्यांना रोमची मान्यता आहे पण सरकारची नाही, अनेकदा ताब्यात घेण्यात आले. १९९७ मध्ये अटक झालेले बाओडिंगचे बिशप २००३ मध्ये पहाऱ्यात, एका रुग्णालयात नातेवाइकांच्या दृष्टीस पडले होते. त्यानंतर ते कोणालाही दिसल्याची खात्रीशीर नोंद नाही.