‘पॅम’ द्यायचं की नाही: एका अडलेल्या एन्झाइमची पार्श्वभूमी

गावाकडे ‘औषध घेतलं’ एवढंच सांगतात. वॉर्डात येतो तो घामाने निथळणारा, तोंडाला फेस आलेला माणूस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ऑर्गनोफॉस्फेट या गटातल्या कीटकनाशकाने त्याचं अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज, म्हणजे नसांचा निरोप पोहोचवणारं अ‍ॅसिटिलकोलिन काम झाल्यावर तोडणारं एन्झाइम, अडवलेलं असतं. ‘पॅम’ हा त्यावरचा उतारा.

या एन्झाइमचा पहिला ओळखीचा निरोधक, म्हणजे त्याला अडवणारा पदार्थ, पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबारच्या बीतला. तिथे ती बी खायला घालून आरोपीला दिव्य करायला लावत. 1864 मध्ये तिच्यातून फायसोस्टिग्मीन वेगळं काढलं गेलं. ते एन्झाइमवरून काही तासांत सुटतं. 1936 मध्ये जर्मनीत कीटकनाशक शोधताना टाबून हा विषारी वायू हाती लागला, तो सुटेना. त्याच कुळातली रसायनं युद्धानंतर शेतात आली.

पाठ्यपुस्तकं यांना ‘अपरिवर्तनीय निरोधक’ म्हणतात आणि घोळ तिथेच होतो. एन्झाइममधल्या सेरीन या घटकाला चिकटलेला फॉस्फेट सुरुवातीला ओढून काढता येतो. 1950 च्या दशकात आलेलं प्रॅलिडॉक्सिम, म्हणजे वॉर्डातलं ‘पॅम’, नेमकं हेच करतं. पण त्या फॉस्फेटवरचा एक गट गळाला की पकड कायमची. मोनोक्रोटोफॉससारख्या डायमिथाइल (फॉस्फेटवर दोन मिथाइल गट असलेल्या) रसायनांत निम्मं एन्झाइम पावणेचार तासांत असं हातचं जातं. क्लोरपायरीफॉससारख्या डायइथाइलमध्ये (दोन इथाइल गटवाल्यांत) साधारण 33 तास मिळतात. पेशंटसोबत बाटली आणा असा आग्रह धरतात तो उगाच नाही, विष कुठल्या प्रकारचं ते तिच्यावरून कळतं.

तरी पॅमवरून मतभेद आहेतच. 2006 मध्ये बारामतीतल्या 200 रुग्णांच्या चाचणीत ताशी 1 ग्रॅम सलग दिलेल्यांत मृत्यू 1 टक्का, दर चार तासांनी 1 ग्रॅम दिलेल्यांत 8 टक्के. 2009 मध्ये श्रीलंकेत 235 रुग्णांवर उलटंच दिसलं: पॅम दिलेल्यांत सुमारे 25 टक्के मृत्यू, न दिलेल्यांत 16. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, पण फायदा दिसला नाही हेही खरं. गंमत म्हणजे डायइथाइलवाल्यांचं एन्झाइम तिथेही सुटत होतं. माझ्या मते बारामतीचे रुग्ण मध्यम गंभीर होते आणि लवकर पोहोचले होते, हे आकडे सांगताना विसरलं जातं. साचलेल्या अ‍ॅसिटिलकोलिनचा परिणाम रोखणाऱ्या अ‍ॅट्रोपिन या दुसऱ्या औषधाबद्दल असा वाद नाही. ते एन्झाइमला हातच लावत नाही.

2017 मध्ये यवतमाळला डोक्याएवढ्या कपाशीत फवारणाऱ्यांचे बळी गेले. पाठीवर पंप घेऊन दिवसभरात कातडीतून थोडं थोडं आत गेलेल्या विषाचे तास कुठून मोजायचे? चर्चा मात्र मास्क घातला होता का यावरच रंगली. मोनोक्रोटोफॉसच्या 36 टक्के द्रावणावर बंदी आली 2023 मध्ये, तीही उरलेला साठा खपवायला मुदत देऊन.