अर्धा रस्ता टेनेसीत, अर्धा व्हर्जिनियात : ब्रिस्टलच्या सप्टेंबरची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या ब्रिस्टल या गावात मुख्य रस्ता ओलांडला की राज्य बदलतं. स्टेट स्ट्रीटच्या मधोमध पितळी खुणा ठोकल्या आहेत. एका अंगाला टेनेसी, दुसऱ्या अंगाला व्हर्जिनिया. महापालिका दोन, पोलीस दोन, शाळा चालवणारी मंडळं दोन. टेनेसी माणसाच्या पगारावर आयकर घेत नाही, पण विक्रीकरात हात सैल सोडत नाही. त्यामुळे कुठे राहावं आणि कुठे खरेदी करावी याचे हिशेब इथे घरोघरी चालतात. २०२०च्या जनगणनेत टेनेसीकडच्या ब्रिस्टलची वस्ती २७ हजारांच्या आसपास होती आणि व्हर्जिनियाकडची १७ हजारांच्या. दोन्ही मिळून आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी हा रस्ता मोटारींना बंद होतो आणि रविवारपर्यंत तिथे फक्त माणसं आणि वाद्यं असतात. रस्त्यावर, गल्लीत, जुन्या थिएटरात, हॉटेलांच्या कोपऱ्यांत बँजो, फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि गिटार वाजत राहतात. हा ‘रिदम अँड रूट्स रीयुनियन’, २००१ पासूनचा. नावातला ‘रीयुनियन’ शब्द मला महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेच्या दक्षिणेत विखुरलेली कुटुंबं वर्षातून एकदा मूळ गावी जमतात, चर्चच्या आवारात डबे उघडून जेवतात, त्यालाही रीयुनियनच म्हणतात. आपल्याकडे गावच्या जत्रेला मुंबईकर उतरतात, तसं.

सप्टेंबरच का, तर आधी हवा. आपल्याकडे पाऊस सरला की ऑक्टोबरचं ऊन पोळतं; तिथे नेमकं उलटं. जुलै-ऑगस्टची दमट काहिली ओसरते, संध्याकाळी अंगावर पातळ जाकीट चढतं. सप्टेंबरचा पहिला सोमवार लेबर डेचा, १८९४ पासून देशभराची सुट्टी. ती झाली की उन्हाळा संपला असं लोक मानतात. शुक्रवारची रात्र हायस्कूलच्या फुटबॉलची. त्याआधी ऑगस्टच्या अखेरीस जवळच्या ग्रे गावात अॅपलॅचियन फेअर भरतो, तो १९२६ पासून. गाई-वासरांची प्रदर्शनं, लोणची-मुरंब्यांच्या स्पर्धा, पाळणे. हंगामाचा नारळ तिथे फुटतो म्हणा.

पण हवेइतकाच हात शेतीचा. या अॅपलॅचियन डोंगरातलं जुनं नगदी पीक म्हणजे बर्ली जातीची तंबाखू. ऑगस्ट-सप्टेंबरात ती बुंध्याशी तोडायची, धाटं काठीवर ओवायची आणि उंच लाकडी कोठारांत टांगून नुसत्या वाऱ्यावर सुकू द्यायची. त्याला दीड-दोन महिने लागत, म्हणजे लिलावाचा पैसा हाती यायला हिवाळा उजाडायचा. मधल्या काळात अंगमेहनत थोडी हलकी व्हायची आणि उरलेली कामं चारचौघांनी मिळून करायची असत: मक्याची कणसं सोलणं, सफरचंदं आटवणं, आणि काकवी.

होय, काकवीच. त्यांची काकवी उसाची नसते, ज्वारीच्या भावकीतल्या गोड धाटांची असते. खेचराला जुंपून चरक फिरवायचा, हिरवट रस उथळ, लांबट काहिलीत ओतायचा, खाली लाकडं सारत राहायची आणि वर येणारी हिरवी मळी झाऱ्याने काढत बसायचं. साधारण दहा कॅन रस आटला की एक कॅन काकवी मिळते. काम दिवसभराचं आणि चूल सोडून जाता येत नाही, म्हणून शेजारी जमणार, पोरं धाटं चघळणार आणि कुणीतरी फिडल काढणार. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर रात्र काढलेल्या माणसाला यात काहीच समजावून सांगायला नको. शरदातलं तिकडचं संगीत असं कामाच्या कडेने वाढलं. फिडल ब्रिटनहून आलेल्या वसाहतकऱ्यांचं; बँजोचं मूळ मात्र गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वाद्यात आहे. पोस्टरांवर हे उशिरा येऊ लागलं.

आता रस्ता. गाव वसलं १८५२च्या सुमारास, येणाऱ्या रेल्वेचा अंदाज घेऊन, आणि १८५६ मध्ये रेल्वे आली. व्हर्जिनियाकडच्या भागाचं नाव आधी गुडसन होतं, ते १८९० मध्ये ब्रिस्टल झालं. सीमा नक्की कुठून जाते यावर भांडण होतंच. १८८९ मध्ये पाण्याच्या नळांवरून दोन्हीकडचे पोलीस आणि गावकरी हत्यारं घेऊन समोरासमोर उभे ठाकले. रक्त सांडलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १८९३ मध्ये निकाल लागला आणि १९०१ मध्ये टेनेसीने रस्त्याचा उत्तरेकडचा अर्धा भाग व्हर्जिनियाला देऊन टाकला. मेन स्ट्रीटचा स्टेट स्ट्रीट झाला तो तेव्हाच. बेळगावचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला पाहणाऱ्या मराठी वाचकाला ही झटपट वाटणी हेवा वाटावी अशीच. अर्थात इथे भाषा एक होती आणि वाद अर्ध्या रस्त्याचा होता.

रस्त्यावर आडवी उभी असलेली दिव्यांची मोठी पाटी १९१०ची. ‘राहायला चांगलं ठिकाण’ हे तिच्यावरचं वाक्य १९२१ मध्ये स्पर्धेतून निवडलं गेलं. दोन राज्यांची नावं, दोन बाण आणि खाली ही एकच ओळ.

आणि मग १९२७ चा उन्हाळा. रेकॉर्ड काढणाऱ्या व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीर हा माणूस दोन तंत्रज्ञ आणि ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन ब्रिस्टलला उतरला. टेनेसीच्या बाजूला टोप्यांच्या एका कंपनीच्या इमारतीत त्याने वरची जागा घेतली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या लावल्या आणि २५ जुलै ते ५ ऑगस्ट या बारा दिवसांत १९ गायक-वादकांकडून ७६ गाणी मेणाच्या तबकड्यांवर उतरवून घेतली. विजेचा मायक्रोफोन नुकताच आला होता, त्यामुळे ओरडून गायची गरज उरली नव्हती. घरात गावं तसं गाता येत होतं, आणि माझ्या मते निम्मी जादू तिथेच आहे.

सुरुवातीला फार कुणी फिरकत नव्हतं. मग स्थानिक वर्तमानपत्रात छापून आलं की अर्नेस्ट स्टोनमन या आधीच रेकॉर्ड काढलेल्या गायकाला आदल्या वर्षी ३,६०० डॉलर मिळाले. डोंगरातल्या सुतार-गिरणीवाल्यांच्या कानावर हा आकडा गेला आणि लोक येऊ लागले. चाळीसेक किलोमीटरवरच्या मेसेस स्प्रिंगमधून कार्टर कुटुंब उसन्या मोटारीने निघालं: ए. पी., त्याची बायको सारा आणि भावजय मेबेल. मेबेलचे दिवस भरत आले होते. रस्ता धड नव्हता, टायर पंक्चर होत होते. १ आणि २ ऑगस्टला त्यांची गाणी झाली.

दुसरा मासा गळाला लागला तो जिमी रॉजर्स, पूर्वीचा रेल्वे कामगार, क्षयाने पोखरलेला. तो वादकांच्या ज्या टोळीबरोबर आला होता तिच्याशी आदल्या रात्री नावावरून वाजलं. टोळी वेगळी झाली आणि ४ ऑगस्टला रॉजर्स एकटाच गायला. टोळीने स्वतःला नाव घेतलं टेनेव्हा रॅम्बलर्स. टेनेसीतलं ‘टेने’ आणि व्हर्जिनियातलं ‘व्हा’. सीमारेषेचा इतका सरळ उपयोग दुसऱ्या कुणी केला नसेल.

१९९८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ब्रिस्टलला कंट्री संगीताचं, म्हणजे अशा डोंगरी गाण्यांतून घडलेल्या संगीताचं, जन्मस्थान म्हणून मान्यता दिली. हा ‘जन्म’ जरा ताणलेला आहे. खुद्द पीरनेच १९२३ मध्ये अटलांटात फिडलिन जॉन कार्सनची रेकॉर्ड काढली होती. ब्रिस्टलमध्ये जे झालं ते बारसं म्हणावं. आणि त्या बारा दिवसांत माउथ ऑर्गन वाजवणारा एल वॉटसन हा एकच कृष्णवर्णी कलाकार होता, हेही सांगायला हवं. पुढे ए. पी. कार्टर गाणी गोळा करत डोंगर पालथे घालू लागला तेव्हा चाली ध्यानात ठेवणारा त्याचा सोबती होता लेस्ली रिडल, तोही कृष्णवर्णीच.

मग ७४ वर्षांनी उत्सव का सुचला? रस्ता ओस पडला होता म्हणून, असं मला वाटतं. १९७६ मध्ये गावाबाहेर मॉल उघडला आणि अमेरिकेतल्या असंख्य लहान शहरांसारखा इथलाही बाजार तिकडे सरकला. १९०२ च्या देखण्या स्टेशनावर प्रवासी गाडी थांबायची बंद झाली. टोपीवाल्यांची इमारत आज जागेवर नाही. जुन्या बाजारपेठेत माणसं परत आणायला दुकानं पुरत नाहीत, निमित्त लागतं. १९३१ चं पॅरामाउंट थिएटर डागडुजी होऊन १९९१ मध्ये पुन्हा उघडलं, २००१ मध्ये उत्सव आला, २०१४ मध्ये कंट्री संगीताचं संग्रहालय. मॉलचं काय झालं? २०१७ मध्ये तो बंद पडला. त्या जागी आता कॅसिनो आहे.

सप्टेंबरचा दुसरा आवाज गावाच्या दक्षिणेकडून येतो. १९६१ मध्ये सुरू झालेला मोटार शर्यतींचा ट्रॅक जेमतेम ८५८ मीटरचा, पण कडेला भिंतीसारखी चढत गेलेली आसनं एवढी की दोन्ही ब्रिस्टल त्यात तीनदा बसतील. रात्रीची शर्यत १९७८ पासून ऑगस्टात व्हायची. २०२० पासून ती सप्टेंबरात आली. १० सप्टेंबर २०१६ रोजी याच ट्रॅकच्या पोटात टेनेसी आणि व्हर्जिनिया टेक या विद्यापीठांचा फुटबॉल सामना खेळवला, तेव्हा १,५६,९९० लोक होते. कॉलेज फुटबॉलमधला तो उच्चांक. सीमेवरच्या गावाला दोन राज्यांचे संघ भिडवायची हौस असणारच.

गर्दी नको असेल त्यांनी शनिवारी संध्याकाळी जवळच्या हिल्टन्स गावाला जावं. ए. पी. आणि सारा कार्टर यांची मुलगी जॅनेट हिने १९७० च्या दशकात तिथे कार्टर फोल्ड हे कोठारवजा नाट्यगृह उभं केलं. वाद्यं विजेवर चालणारी चालत नाहीत. म्हातारे-कोतारे, नातवंडं बुटांना पत्र्याच्या टाचा ठोकून खाली लाकडी फळ्यांवर नाचतात. नियमाला अपवाद झाला तो घरच्या जावयासाठी, मेबेलचा जावई, गायक जॉनी कॅश याच्यासाठी; २००३ च्या जुलैमध्ये त्याचा शेवटचा कार्यक्रम इथलाच.

ऑक्टोबर लागला की लोक जोन्सबरोला वळतात. १७७९ चं, टेनेसीतलं सर्वांत जुनं गाव. जिमी नील स्मिथ हे शाळेत पत्रकारिता शिकवणारे शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन मोटारीने चालले होते. रेडिओवर जेरी क्लाउअर नावाचा विनोदी कथेकरी रंगात आला होता. अशी माणसं आपल्या गावात बोलावली तर, असा विचार त्यांच्या मनात आला आणि १९७३ च्या ऑक्टोबरात कोर्टाजवळ गाडीचा मंच करून, गवताच्या भाऱ्यांवर माणसं बसवून गोष्टी सांगितल्या गेल्या. पहिल्या वर्षी साठेक श्रोते होते. आज तंबू लागतात आणि तिकिटं काढावी लागतात. डोंगरातला रे हिक्स आपल्या आजोबांकडून ऐकलेल्या, जॅक नावाच्या पोराच्या गोष्टी इथे वर्षानुवर्षं सांगायचा.

पानांच्या रंगांना मात्र तारीख देता येत नाही. रंग उंचावर आधी चढतो आणि खाली उतरत येतो. १,७४६ मीटरच्या माउंट रॉजर्सवर ऑक्टोबरच्या सुरुवातीला, ब्रिस्टलमध्ये महिनाअखेरीस. तो बघायची जुनी रीत म्हणजे व्हर्जिनिया क्रीपर ट्रेल, बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरची ५५ किलोमीटरची सायकलवाट. व्हॅनमधून सायकलीसकट व्हाइटटॉपला नेऊन सोडायचे, आणि तिथून डमॅस्कस गावापर्यंत सगळा उतार. पेडल न मारता झाडं बघत खाली यायचं. डमॅस्कसचा अर्धा धंदा त्या व्हॅन आणि भाड्याच्या सायकलींचा असायचा.

२७ सप्टेंबर २०२४ रोजी हेलीन वादळाचं पाणी या दऱ्यांतून उतरलं आणि डमॅस्कसच्या वरचे पूल आणि भराव घेऊन गेलं. अॅबिंग्डन ते डमॅस्कस हा खालचा टप्पा राहिला. त्या शरदात लोक तिथेच आले. तो भाग तसा घसरंडीचा नाही, पेडल मारावं लागतं.