कासवालाच विचारा

बाहेर मे महिन्याचं नागपुरी ऊन, घरात कूलरची घरघर, आणि भाचा माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या कॉम्प्युटर गेममधल्या रोबोकडून बोगदा खणून घेण्यात गुंग. रोबो दोन घरं पुढे जाऊन थांबला. "मामा, हा थांबून काऊन राहिला? याच्या सगळ्या कमांड कुठं भेटतील?"

त्यानं एका व्हिडिओतल्या 'गुप्त कमांड' उतरवून घेतल्या होत्या. त्यातल्या निम्म्या अस्तित्वातच नव्हत्या. हल्ली एआयसुद्धा अशी नावं बिनदिक्कत रचून देतं आणि मुलं ती मंत्रासारखी घोकतात. याची मला मनापासून चीड येते, कारण खरी यादी त्या रोबोच्याच पोटात असते.

हा रोबो म्हणजे 'टर्टल', कासव. डॅनियल रॅटक्लिफ यांनी २०११ मध्ये आणलेल्या 'कॉम्प्युटरक्राफ्ट' या मॉडमधला, म्हणजे मूळ गेमला वरून जोडायच्या भरीतला. आज 'सीसी ट्वीक्ड' ही त्याची पुढची आवृत्ती चालते. त्याची प्रोग्रामिंगची भाषा लुआ, १९९३ मध्ये ब्राझीलच्या रिओत जन्मलेली.

लुआचा जीव टेबलमध्ये आहे. किराणा दुकानातले डबे आठवा: वर चिठ्ठी, आत माल. 'टर्टल' हे असंच एक टेबल. 'फॉरवर्ड' चिठ्ठीच्या डब्यात पुढे सरकण्याचं फंक्शन, म्हणजे नाव घेतलं की चालणारं तयार काम, असतं. टर्टल, टिंब, फॉरवर्ड आणि रिकामा कंस लिहिला की लुआ तो डबा शोधून आतलं फंक्शन चालवतं. त्या चिठ्ठीचा डबाच नसेल तर हाती 'निल', म्हणजे 'काहीच नाही', येतं, आणि निल चालवता येत नाही म्हणून एरर. व्हिडिओतल्या कमांडचं हेच झालं होतं. पण काहीही न चालवता नुसत्या चिठ्ठ्या वाचता येतात! टेबलातले डबे एकेक करून समोर आणणारं 'पेअर्स' वापरून एका ओळीचा लूप, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करणारी आज्ञा, लिहा, एकेक नाव छापा. डिग, डिटेक्ट, रिफ्युएल, सगळी पडद्यावर येतात. क्रम मात्र ठरलेला नसतो.

नावावरून वापर कळत नाही, त्यासाठी 'हेल्प' कमांड आहे. आणि कासव उत्तरही देतं. फॉरवर्ड जमलं तर 'ट्रू', नाही तर 'फॉल्स' आणि सोबत कारण: वाट अडली आहे की इंधन संपलं. एका पावलाला एक एकक इंधन, वळणं फुकट, कोळशाचा एक तुकडा ८० पावलं नेतो. उमरेडच्या कोळसा खाणींजवळच्या पोराला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

भाच्यानं उत्तर छापून पाहिलं. वाट अडली होती. समोर ग्रॅव्हल, म्हणजे आपली गिट्टी. माइनक्राफ्टमध्ये दगड अधांतरी राहतो, गिट्टी खाली पडते. एक खणली की वरची घसरून त्याच जागी येते.

कासवासोबत 'टनेल' नावाचा तयार प्रोग्राम येतो. 'एडिट'नं उघडला तर बदलता येत नाही, वाचता येतो. त्यात समोर काही आहे तोवर खणत राहणारा लूप आहे, आणि प्रत्येक खणण्यानंतर अर्ध्या सेकंदाची झोप, वरची गिट्टी खाली यायला. भाच्यानं ती ओळ दोनदा वाचली आणि आपल्या प्रोग्राममध्ये उतरवली. कासवानं सलग पाच गिट्ट्या खणल्या आणि एक घर पुढे सरकलं.