अविश्वास आणि मानसोपचार

अविश्वास आणि मानसोपचार : जवळच्या माणसांवरही विश्वास टाकता न येणे आणि संवादातून होणाऱ्या मानसोपचाराच्या, म्हणजे थेरपीच्या, मदतीने त्यातून वाट काढणे. हा स्वतंत्र आजार नाही. लहानपणची आबाळ, मारहाण, अत्याचार, पैशातली फसवणूक, जोडीदाराने दिलेला दगा यांनंतर मन असे सावध होऊन बसते. सगळे आपल्याविरुद्ध कट करताहेत अशी, कोणत्याही पुराव्याला न जुमानणारी खात्री मात्र वेगळी. तिथे मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांची तपासणी आणि बहुधा औषधेही लागतात.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिकसन यांनी १९५० मध्ये मांडलेल्या विकासक्रमात ‘विश्वास विरुद्ध अविश्वास’ हा आयुष्याचा पहिलाच टप्पा आहे. रडल्यावर कोणी जवळ घेते का, याचा अनुभव पुढच्या नात्यांतही डोकावतो, हे जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांच्या कामातून पुढे आले. ही छाप काळ्या दगडावरची रेघ नव्हे. मोठेपणी मिळालेल्या भरवशाच्या नात्याने ती बदलू शकते.

ग्वाल्हेरच्या मराठी समाजात या प्रश्नाला स्थानिक पदर आहेत. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये छावणी वसवली, तिचे पुढे ‘लष्कर’ हे शहर झाले, आणि तिथल्या वाड्यांत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहिली. एकाच वाड्यात नांदणाऱ्या भावांची वाटणीवरून फाटते, बोलणे बंद होते, मुले ते पाहत वाढतात. समाज लहान, कोणाची सून कोणत्या डॉक्टरकडे गेली हे हळदीकुंकवाला पोचायला वेळ लागत नाही. ‘घरातलं घरात राहू दे’ हे वाक्य इथे प्रेमानेच उच्चारले जाते, पण त्यामुळे कितीतरी माणसे वर्षानुवर्षे एकटी झुरतात. त्यातून आग्र्याचे मनोरुग्णालय (स्थापना १८५९) जवळच. ‘आग्र्याला पाठवा’ ही या पट्ट्यातली जुनी टवाळी. संस्थांविषयीची भीती निराधारही नव्हती : १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर येथील मनोरुग्णालयांच्या कारभारावर देखरेखीचे काम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवले होते.

ज्याला विश्वास टाकता येत नाही, त्याने अनोळखी माणसापुढे मन मोकळे कसे करायचे? खरे तर आधी विश्वास, मग उपचार असा क्रम नसतोच. आलेला माणूस थेरपिस्टची परीक्षा पाहतो. पहिली काही सत्रे नोकरी, पाठदुखी, मुलांच्या परीक्षा यांवर निघून जातात. मग उठता उठता, दाराशी, प्रश्न येतो, ‘आमच्या काकांना तुम्ही ओळखता का हो?’ चांगला थेरपिस्ट तो उडवून लावत नाही. ओळख असेल तर तसे सांगतो, गरज पडल्यास दुसऱ्याकडे पाठवतो. नसेल तर ही शंका कुठून आली, याच्यापासूनच पुढचे सत्र सुरू करतो. एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातील सहकार्याचे तीन घटक सांगितले : ध्येयावर एकमत, कामावर एकमत आणि आपसातला जिव्हाळा. यातला जिव्हाळा सर्वांत उशिरा येतो, आणि त्याची घाई करू नये.

मधे कधीतरी बिनसतेच. थेरपिस्टला मागच्या वेळी सांगितलेले नाव आठवत नाही, आणि समोरचा आतल्या आत दार लावून घेतो. त्याच्या अनुभवात नाते इथेच संपत आलेले असते. इथे थेरपिस्ट चूक कबूल करतो, ‘तुम्हाला लागलं ना?’ म्हणून विचारतो, आणि नाते टिकते. जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर म्युरन यांनी या तुटण्या-सांधण्याचा बारकाईने अभ्यास केला. माझ्या मते सगळ्या उपचारात मोलाचे काही असेल तर हेच.

त्याच्या जोडीला बोधात्मक, म्हणजे विचार तपासून बदलण्याच्या, उपचारपद्धतीतले सराव असतात : ‘वहिनींनी फोन उचलला नाही, म्हणजे टाळताहेत’ हा विचार लिहायचा, त्याच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे मांडायचे. मग एखादी किरकोळ गोष्ट बेताने एकालाच सांगून काय होते ते पाहायचे. लहानपणी रुजलेल्या धारणांवर काम करणाऱ्या जेफ्री यंग यांच्या स्कीमा थेरपीत ‘अविश्वास व अत्याचार’ अशी स्वतंत्र धारणाच मानलेली आहे. ग्वाल्हेरात सत्रातले बोलणे बहुधा हिंदीत चालते. आईवरचा राग मात्र मराठीतच येतो, आणि तो तसाच येऊ द्यावा.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क देतो. जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत. पहिल्याच भेटीत ते विचारून घ्यावेत. लगेच कोणाशी बोलायचे असल्यास टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २४ तास चालू असतो.

फसवणारा भाऊ आजही फसवतच असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवायला शिकवणे हे थेरपीचे काम नाही. तिथे कागदपत्रे स्वतःजवळ ठेवणे, वकील गाठणे, वेगळे राहणे हाही उपचाराच्या आराखड्याचाच भाग असतो.