जुन्या सहाचाकी ऑल-टेरेन गाड्यांचा माग इतका अवघड का?

ऑल-टेरेन गाडी म्हटलं की आज चार चाकांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली क्वाड बाइक डोळ्यांसमोर येते. तिच्या आधीची पिढी अगदी निराळी होती. सहा चाकं, बुटकी प्लास्टिकची बॉडी, बहुतेकींत स्टिअरिंगऐवजी दोन तरफा, आणि पाण्यात उतरली तरी तरंगणारी. १९६० आणि १९७०च्या दशकांत कॅनडा आणि अमेरिकेत अशा गाड्या कितीतरी नावांनी विकल्या गेल्या. त्यातली एखादी आज जुन्या शेडमध्ये सापडली, तर तिचा निर्माता आणि साल शोधणं भारी जिकिरीचं होतं. दोष गाडीच्या वयाला दिला जातो, पण तितकीच जुनी मोटार किंवा ट्रॅक्टर ओळखायला एवढा त्रास पडत नाही. खरं कारण हा धंदा ज्या रीतीने उभा राहिला त्यात आहे.

या प्रकाराची सुरुवात साधारणपणे कॅनडाच्या ‘जिगर’ नावाच्या गाडीपासून मानली जाते. ओंटारिओतल्या जॉन गॉवर यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ती तयार केली. तिच्यात दोन छोटी टू-स्ट्रोक इंजिनं होती, एक डाव्या बाजूच्या चाकांसाठी आणि एक उजव्या बाजूच्या. एका बाजूचा वेग कमी केला की गाडी त्या बाजूला वळायची. पुढची चाकं फिरवायची यंत्रणाच नको, त्यामुळे बॉडीला भोकं कमी आणि पाणी आत शिरायला वाट कमी. मला ही मांडणी आजही फार हुशारीची वाटते.

दोन इंजिनं एकसारखी चालवत ठेवणं मात्र सोपं नव्हतं. एकाच इंजिनाची ताकद दोन्ही बाजूंना हवी तशी वाटून देईल असा गिअरबॉक्स हवा होता. जिगरसाठी गिअरबॉक्स बनवायचं काम १९६२मध्ये स्थापन झालेल्या ओंटारिओ ड्राइव्ह अँड गिअर या कंपनीकडे गेलं. न्यू हॅम्बर्ग गावातल्या या गिअर बनवणाऱ्यांनी पुढे स्वतःचीच सहाचाकी काढली. १९६७ची ती आर्गो. जिगर त्या दशकाअखेर बंद पडली, आर्गो आजही बनते. गाडी गेली आणि गिअरवाला टिकला, हे या सगळ्या इतिहासाचं सार आहे. माग काढतानाही हेच कामी येतं.

कारण बाकीच्या बहुतेक कंपन्या गाड्या घडवत नव्हत्या, जुळवत होत्या. इंजिन बाहेरून यायचं: अमेरिकेतल्या टेकमसे किंवा कोहलरचं, नाहीतर जर्मनीतल्या जेएलओ, साक्स किंवा हिर्थचं. स्नोमोबाइलसाठी, म्हणजे बर्फावरून धावणाऱ्या गाड्यांसाठी, ही इंजिनं बाजारात भरपूर होतीच. गिअरबॉक्ससाठी अनेकांनी बोर्ग-वॉर्नरचा टी-२० घेतला. त्यातली एक तरफ ओढली की त्या बाजूची चाकं थांबतात, दोन्ही ओढल्या की गाडी उभी राहते. तिथून चाकांपर्यंत साखळ्या आणि दातेरी चक्रं. बॉडी म्हणजे एबीएस प्लास्टिकचा पत्रा तापवून साच्यावर ओढलेला. लोखंडी पत्रा दाबायच्या महागड्या साच्यांची गरज नव्हती, त्यामुळे थोड्या भांडवलावर लहानशा गावातही कारखाना निघू शकत होता. बंदही तितक्याच झटपट होत होता. अँफिकॅटसारखं गाजलेलं मॉडेलसुद्धा एकाहून अधिक कंपन्यांच्या नावावर बनलं. ट्रॅक्टर बनवणाऱ्या अॅलिस-चाल्मर्सनेही टेरा टायगर नावाची सहाचाकी विकली. म्हणूनच दोन वेगळ्या नावांच्या गाड्या आतून जवळजवळ सारख्या निघतात.

नोंदींचं सांगायचं तर, अमेरिकेत १७ अक्षरी वाहन क्रमांकाची सक्ती १९८१ पासून झाली आणि तीही रस्त्यावरच्या वाहनांसाठी. या गाड्या रस्त्यासाठी नव्हत्याच. बऱ्याच ठिकाणी त्यांची नोंदणीही होत नसे. कंपनीने स्वतः घातलेला क्रमांक एवढाच आधार, आणि तो वाचण्यासाठी लागणारी वही कंपनीबरोबरच गेली.

शेवट जवळ आणला तो होंडाने. हिवाळ्यात मोटरसायकली खपत नाहीत, तेव्हा काहीतरी वेगळं द्या, अशी अमेरिकेतल्या विक्रेत्यांची मागणी होती. अभियंता ओसामू ताकेउची यांनी दोनपासून सहा चाकांपर्यंतचे नमुने करून पाहिले. अडचण टायरची होती, आणि तिचं उत्तर अँफिकॅटच्या मऊ, कमी दाबाच्या टायरमध्ये सापडलं. त्यावरून होंडाने स्वतःचे २२ इंची टायर केले आणि १९७०मध्ये तीनचाकी यूएस-९० आणली, हीच पुढे एटीसी-९० झाली. ती हलकी होती, स्वस्त होती आणि तिच्यामागे देशभरच्या दुकानांचं जाळं होतं. १९७३च्या तेलटंचाईनंतर लहान सहाचाकी कंपन्या एकेक करून मिटल्या. अमेरिकेतल्या बफेलो शहराची मॅक्स आणि कॅनडाची आर्गो अशी मोजकी नावं पुढे चालली. (तीनचाकींची नवी विक्रीही अमेरिकेत १९८८च्या सुरक्षा करारानंतर थांबली.)

त्यामुळे अनोळखी गाडीचा माग बॉडीपासून न काढता आतल्या भागांपासून काढावा. टेकमसे इंजिनावरच्या पाटीवर निर्मितीचा क्रमांक असतो: पहिला अंक म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक, पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. ९१०५ असेल तर १९६९ किंवा १९७९च्या एप्रिलचा मध्य. दोनपैकी दशक कुठलं ते इंजिनाच्या मॉडेलवरून ठरवता येतं. इंजिन मधल्या काळात बदललेलं असू शकतं, म्हणून ते सांगाड्याच्या मूळ भोकांवर नीट बसतंय का हे आधी बघावं. नंतर पाडलेली भोकं आणि वेल्डिंग लपत नाही. गिअरबॉक्स टी-२० निघाला तर शक्यता बऱ्याच उरतात. कंपनीचा स्वतःचा निघाला तर यादी एकदम आटते.

कागदपत्रांत पेटंट सगळ्यात भरवशाचं. त्यात गाडीचं बाजारातलं नाव क्वचितच असतं, पण संशोधकाचं नाव, गाव आणि साखळ्यांची आकृती असते. गाव कळलं की तिथल्या त्या काळच्या वर्तमानपत्रांत कारखाना उघडल्याची बातमी शोधता येते. पॉप्युलर सायन्स आणि पॉप्युलर मेकॅनिक्स या अमेरिकी मासिकांच्या जुन्या अंकांतल्या मागच्या पानांवरच्या छोट्या जाहिरातीही चाळाव्यात. बड्या कंपन्यांची पानभर जाहिरात मिळतेच, पण दुर्मीळ गाडी असते ती दोन इंचांच्या चौकटीत.

हे सगळं गाडी धुवायच्या आणि रंगवायच्या आधी करावं. इंजिनाची पाटी, गिअरबॉक्सवरचे ओतीव आकडे, साखळीच्या चक्रांचे दात, बॉडीच्या आतल्या बाजूला राहिलेला साच्याचा शिक्का, या सगळ्यांचे फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून घ्यावेत. सँडपेपर फिरला की त्यातलं बरंचसं कायमचं जातं.