आयव्हीएफनंतर बाळाचे आठवडे कसे मोजायचे?

आमच्या डिचोलीच्या सोनोग्राफी केंद्रात येणाऱ्या गरोदर महिला व त्यांच्या घरच्यांसाठी

सोनोग्राफीला येताना बहुतेक जणी पाळीची तारीख पाठ करून येतात. पण दिवस आयव्हीएफने (लॅबमध्ये गर्भ तयार करून) राहिले असतील, तर आम्हाला ट्रान्सफरची, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडल्याची तारीख हवी असते आणि नेमकी तीच मिळत नाही. कुणाचे उपचार बेळगावला झालेले, कुणाचे मुंबईला, फाईल तिकडेच. कधी सोबत सासूबाई असतात आणि त्यांच्या कानावर काही घातलेले नसते. काउंटरवर बोलणे अवघड वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. ती थेट आत डॉक्टरांकडे जाते.

तारखेचा हिशेब

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, ही प्रसूतीची अंदाजे तारीख. आजीचे ‘नऊ महिने नऊ दिवस’ यापासून फार लांब नाहीत! यात स्त्रीबीज चौदाव्या दिवशी बाहेर पडले असे धरलेले असते. प्रत्यक्षात ते कुणाचे बाराव्या दिवशी येते, कुणाचे विसाव्या. आयव्हीएफमध्ये असे काही धरून चालावे लागत नाही. बीज कधी काढले आणि गर्भ किती दिवसांचा असताना आत सोडला, याची लॅबमध्ये नोंद असते.

पाच दिवसांचा गर्भ सोडला, तर त्या दिवशी २ आठवडे ५ दिवस भरले असे धरतात. “आजच तर सोडला, मग अडीच आठवडे कुठून आले?” हा प्रश्न हमखास येतो. सगळी मोजणी पाळीपासूनची असल्यामुळे बीज काढण्याआधीचे १४ दिवसही त्यात धरले जातात. म्हणून पाच दिवसांच्या गर्भासाठी ट्रान्सफरपासून २६१ दिवस मोजायचे आणि तीन दिवसांच्या गर्भासाठी २६३. गर्भ दोन वर्षे फ्रीझ करून ठेवलेला असला तरी हिशेब तोच, कारण गोठलेला असताना तो वाढत नाही. आययूआय (शुक्रजंतू थेट गर्भाशयात सोडणे) झाले असेल तर त्या तारखेच्या १४ दिवस मागे जायचे.

एक उदाहरण घ्या. पाळी आली १६ मे रोजी. गर्भाशयाचे अस्तर जाड व्हायला वेळ लागला, गोळ्या वाढवाव्या लागल्या आणि पाच दिवसांचा फ्रोझन गर्भ सोडला १० जूनला. पाळीवरून तारीख येते २० फेब्रुवारी. खरी तारीख २६ फेब्रुवारी. सहा दिवसांनी काय बिघडते? पाळीच्या हिशेबाने ३७ आठवडे २ दिवस झाले म्हणून सिझेरियन ठरवले, तर बाळ प्रत्यक्षात ३६ आठवडे ३ दिवसांचे, म्हणजे अपुऱ्या दिवसांचे असते.

अशा वेळी आम्ही मशीनमध्ये पाळीची तारीख म्हणून २२ मे ही हिशेबाने काढलेली (१० जूनच्या १९ दिवस मागची) तारीख टाकतो. रिपोर्टवर ती पाहून छपाईची चूक समजू नका.

“सोनोग्राफीत तारीख बदलली”

बदललेली नसते. मशीन बाळाचे डोके, पोट, मांडीचे हाड मोजते आणि एवढ्या मापाची बाळे साधारण किती आठवड्यांची असतात ते तक्त्यावरून सांगते. पहिल्या तीन महिन्यांत हा अंदाज पाच-सात दिवसांच्या आत बसतो, शेवटच्या तीन महिन्यांत मात्र तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकतो. त्यामुळे पाळीची तारीख नक्की नसेल तर सुरुवातीची सोनोग्राफी मोलाची. ट्रान्सफरची तारीख हातात असताना मात्र मापांवरून तारीख बदलायची नसते, हे आम्ही ठामपणे सांगतो.

याचे कारणही तसेच आहे. ३२ आठवड्यांना माप ३० आठवड्यांचे आले आणि कुणी तारीखच दोन आठवडे पुढे ढकलली, तर रिपोर्ट छान दिसतो आणि वाढ मागे पडलेले बाळ नजरेतून सुटते. तारीख तीच ठेवली तरच डॉप्लर (बाळाचा रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) करायचा का, तपासणी लवकर ठेवायची का, हे डॉक्टरांना ठरवता येते. बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मले तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करावी लागते. तिथेही हेच आठवडे पाहतात. प्रसूती बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात होवो की खासगीत, ट्रान्सफरची तारीख केसपेपरवर लिहून घ्या.

डबल मार्करबद्दल

बाळात डाऊन सिंड्रोमसारख्या दोषाची जोखीम किती, याचा अंदाज देणारी ही रक्ततपासणी ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान होते आणि तिच्या गणितात आईचे वय लागते. हे वय बीज काढले तेव्हाचे. ३५व्या वर्षी गर्भ फ्रीझ करून ३९व्या वर्षी सोडला, तर ३५ धरायचे. बीज दात्रीचे असेल तर तिचे वय. हे आम्हाला सांगितले नाही तर जोखमीचा आकडा उगाच मोठा येतो आणि घरात रात्रीची झोप उडते.

बोटीवर किंवा आखातात असलेल्यांनी तारखेवर रजा बेतताना आगेमागे दिवस ठेवावेत. नेमक्या तारखेला जन्मणारी बाळे शंभरात चार-पाचच.

येताना ट्रान्सफर समरीचा कागद आणा. नसेल तर उपचार केंद्राकडून त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवून घ्या. त्यावर बीज काढल्याची व ट्रान्सफरची तारीख, गर्भ कितव्या दिवसाचा, किती सोडले, फ्रेश की फ्रोझन एवढे दिसले की पुरे. आधीचे सगळे रिपोर्ट आणि एफ फॉर्म (गरोदरपणातील सोनोग्राफीसाठी कायद्याने लागणारा अर्ज) भरण्यासाठी ओळखपत्र सोबत असू द्या. बाळ मुलगा की मुलगी हे इथे सांगितले जात नाही; कायद्याने तो गुन्हा आहे.